समुद्राला रोडगे

आमच्या घरी पाणी बाबांचं ऐकायचं. माणसं ऐकायची हे तर वेगळं सांगायला नको. विहिरीवरचं इंजिन धडधडायला लागलं की पाणी आधी हौदात पडायचं, हौदातून दांडात, आणि दांडातून पुढे कोणत्या वाफ्यात जायचं ते बाबांची टाच ठरवायची. फावडं खांद्यावर असायचं, पण ते बहुतेक शोभेलाच. टाचेने मातीचा बांध फोडला की पाणी वांग्यात, टाचेनेच माती परत लोटली की पाणी सांभारात. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात आणि टमाट्याला भेद्रं. माझ्या पुण्याच्या सुनेला अजून हसू येतं, येऊ दे. त्या मळ्यातली वांगी कारंज्याच्या बाजारात पहाटेच्या हर्रासात उतरली की अडत्या डालं उघडून न बघताच बोली सुरू करायचा. "घरचा माल हाये," एवढंच म्हणायचा, आणि ते घर म्हणजे आमचं. हे लिहिताना माझी मान आजही ताठ होते. मी गर्विष्ठ आहे असं माझी मुलं म्हणतात. ज्यांच्या घरात गर्व करण्यासारखं काही घडलंच नाही त्यांनी खुशाल नम्र राहावं.

मळा कारंज्याहून कामरगावकडे जाणाऱ्या वाटेला होता, आणि घर मळ्यातच. टिनाच्या दोन खोल्या, पुढे मांडव, मांडवावर वालाचा वेल. पहाटे आधी बाबांचं खाकरणं ऐकू यायचं, मग मायच्या हातची भाकर थापल्याचा आवाज, मग इंजिन. इंजिन एकदा सुरू झालं की घरात सगळे ओरडूनच बोलायचे, त्यामुळे आमच्या घरात सतत भांडण चालतं असा नव्या पाहुण्यांचा समज व्हायचा. आम्ही दोघी बहिणी. सुमनताई मोठी, मी छबू धाकटी, भाऊ नाही. ताई त्या मांडवाखाली मेथीच्या जुड्या बांधता बांधता शिकली. मांडीवर पुस्तक, दातात सुतळी. तिच्या पुस्तकांना मेथीचा वास यायचा, आणि तशीच ती मास्तरकीचा अभ्यासक्रम पास झाली. नोकरी लागली ती मात्र थेट कोकणात, खाडीकाठच्या एका शाळेत. आमच्या भागातली पोरं-पोरी तेव्हा नोकरीसाठी अशीच राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडत.

बाबा तिला कारंज्याच्या स्टॅंडवर गाडीत बसवून आले आणि बरेच दिवस गप्प होते. त्या गप्पपणात मामाने आपलं बी टाकलं. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ, राहणार कारंजा. तो कधीकाळी मुंबई पाहून आला होता, त्यामुळे समुद्राबद्दल आमच्या घरात शेवटचा शब्द त्याचा असे. मांडवात बसून तो रोज तेच म्हणायचा. "भाऊजी, जवान पोट्टी. एकटी. समुद्राच्या काठी. उद्या काई झालं त लोक तोंडात शेन घालतीन." मग त्याने कामरगावचं एक स्थळ आणलं. रस्त्याला लागून वावर, घरचं दुकान, मुलगा देखणा. अट एकच, पोरीने नोकरी सोडून यायचं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एका संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर मात्र म्हणाले, "जाऊन पोरीले घिऊन येतो." यात माझंही अडकलं होतं, कारण ताईमागून शिकायला जायची पाळी माझी होती. ताई परत आली असती तर माझं शिक्षणही मांडवाखालीच संपलं असतं, हे नववीतल्या मुलीलाही कळत होतं.

मायला मात्र दुसरंच पडलं होतं. ताईला नोकरी लागावी म्हणून तिने नवस बोलला होता, वाहत्या पाण्याला रोडग्यांचा नैवेद्य. रोडगे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाची जाडसर कणीक, त्यात तेल, मीठ, ओवा, घट्ट मळायची. एकात एक पाऱ्या घालून मुठीएवढा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे धगधगत्या निखाऱ्यांत, पुरून ठेवायचा. वरून राखेचं पांघरूण. भाजायला लागेल तेवढा वेळ लागतो, घाई केली की आत कच्चा. मग फोडून तुपात बुडवायचा, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे रोडगे नदीच्या कोरड्या पात्रातच लावतात, कारण दोन्ही काठांच्या आडोशाने तिथे वारा लागत नाही. ताईच्या नोकरीनंतर नदीला धड पाणी आलंच नाही, आणि नवस राहून गेला होता. "समुद्र काई आटत नाई ना?" मायने मामाला विचारलं. मामाने नाही म्हणताच तिने कणीक दळायला टाकली. आणि एक पोतडीभर गोवऱ्या बांधल्या.

"माय, तिकडे गोवऱ्या भेटतीन ना," मी म्हणाले.

"तिकडल्या गाई काय खातेत, काय मालूम? आपल्या गाईचं बरं."

ती पोतडी माझ्या मांडीवर बसून कारंज्याहून कोकणात गेली. बदलत्या एस.टी. गाड्या, बदलते कंडक्टर. एकाने वास घेऊन विचारलं, "काय आहे गं यात?" मी ताठ बसून म्हणाले, "समुद्राचं जेवण." त्याने तिकीट फाडून दिलं.

ताईची खोली शाळेच्या मागेच होती. दारात जास्वंद, ओट्यावर तिचं पांढरं पातळ वाळत होतं, आणि हवेत सुक्या मासळीचा असा वास होता की मायने पदर नाकाला लावला तो दोन दिवस काढला नाही. ताई काळवंडली होती, बारीक झाली होती, आणि तिच्या चालण्यात काहीतरी वेगळं आलं होतं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून म्हणत, "बाई, पावणे आले वाटतं." आणि ती हसून मान हलवी, आमच्या कारंज्याच्या तालुक्याच्या साहेबासारखी. बाबा हे सगळं टिपत होते. स्थळाचा विषय त्यांनी काढला नाही. पोचलो त्या दिवशी पुनव होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ताई त्या संध्याकाळी अंगणात उभी राहून उगवता चंद्र बघत म्हणाली, "उद्या पहाटे निघू. खाडी ओलांडून पलीकडे किनारा हाये, तिथी कोनीच नसते. पन ऊन चढायच्या आत परत याचं. पुनवेची भरती लय मोठी असते. रोडगे घरी येऊन लावू." मायने मान डोलावली. मायने मान डोलावली याचा अर्थ होकार असाच धरायचा नसतो, हे ताई गावाबाहेर राहून विसरली होती.

पहाटे चंद्र समुद्राच्या बाजूला उतरलेला आणि आम्ही खाडीच्या तोंडाशी. खाडी म्हणजे मोठी नदी असेल असं मला वाटलं होतं. तिथे तर ओल्या मातीचा पट्टा, मधून एक बारीक धार, आणि दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. गुडघाभर चिखलात उभी, पानं जाड आणि चकचकीत, आणि बुंध्याभोवती चिखलातून हजारो बोटं वर आलेली. तिथले लोक त्यांना तिवरं म्हणतात. आत कुठेतरी पाणकोंबडी बोलत होती, खेकड्यांच्या बिळांतून बुडबुड ऐकू येत होती, बाकी इतकं शांत की माझ्या पोतडीतल्या गोवऱ्या एकमेकींवर घासलेल्याही कळत होत्या. ताईने त्या पोतडीकडे पाहिलं, मग मायकडे. एकापाठी एक उभ्या रोवलेल्या बांबूंच्या ओळीने ती पुढे चालली आणि आम्ही तिच्या पावलावर पाऊल टाकत.

बाबा मात्र दर बांबूला थांबत होते. "सुमन, या झाडाच्या मुया वर काहून आल्या?"

"श्वास घ्याले, बाबा. खालचा चिखल घट्ट, हवा नाई त्यात."

"हं," बाबा म्हणाले. वाफ्यात पाणी साचलं की वांग्याची मुळी सडते हे त्यांना आयुष्यभर डाचलेलं दुःख. "म्हंजे यानं नाकच वर काढलं. हुशार हाये बावा." मग एका फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा त्यांनी हातात धरून पाहिल्या. ताईने सांगितलं की त्या शेंगा नाहीत, रोपं आहेत. बी झाडावरच उगवतं, वीतभर वाढतं, आणि मग खाली चिखलात पडून तिथेच उभं राहतं. बाबा ते रोप सोडेनात. गादीवाफ्यावर गोणपाट पांघरून रोपं वाढवणारा माणूस. झाडच जर गादीवाफ्याचं काम करत असेल तर त्याच्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं.

तिवरं संपली, वाळूचा उंचवटा चढलो, आणि पुढे तो होता. समुद्राचं वर्णन मी करणार नाही. मी वऱ्हाडातली बाई, मला जमणार नाही आणि ज्यांनी केलंय त्यांचंही मला पटलेलं नाही. एवढंच सांगते की त्या लांबलचक किनाऱ्यावर आमच्या चौघांच्या पावलांशिवाय पाऊल नव्हतं. ना दुकान, ना घोडागाडी, ना माणूस. उंचवट्यावर सुरूची झाडं सूं सूं करत होती आणि वाळूवरून पांढुरके खेकडे तिरपे पळत होते. माय पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी. अन् एक झाड भिजवत नाई." त्या गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, नाव लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल. मागच्या वर्षी ताईला घेऊन मी जाऊन आले. तिवरं तशीच आहेत, उलट दाट झाली आहेत, आणि किनारा अजून मोकळा आहे. तो तसाच राहू द्या.

ताईने माय-बाबांना सुरूच्या सावलीत बसवलं. "इथून हलू नोका. छबूले तेवढं टोक दाखवून आनते, मंग निघू." आम्ही दोघी वाळूवरून खूप लांब चालत गेलो, जिथे खडक सुरू होतात तिथपर्यंत. तिने मला शंख दाखवले नाहीत की काही नाही. खडकावर बसली आणि सरळ विचारलं, "खरं सांग. बाबा कायले आले?"

मी सांगितलं. मामा, कामरगावचं स्थळ, वावर, दुकान, अट. ताई ऐकत होती आणि ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढत होती. मग म्हणाली, "मी आली तवा शाळेत पोरी येतच नोत्या. घरोघरी गेली. एकेकीच्या मायच्या पाया पडली. आता येतेत. मी गेली त परत मासयीच्या टोपल्या घेऊन बसतीन." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "बाबा बोलले त मी नाई कशी म्हनू, छबू? बाबाले आजवर कोनी नाई म्हटलं काय?"

कोणीच म्हटलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. मला तिचा राग आला होता, की एवढं सगळं करणारी ही बाई बाबांपुढे अशी लहान का होते. त्या रागात आणि तिच्या दुःखात आम्हा दोघींनाही उन्हाचा विसर पडला. लाट तिच्या रेघांवरून फिरली तेव्हा ती दचकून उठली. "चाल, चाल. पानी फिरलं."

सुरूच्या सावलीत कोणी नव्हतं. पोतडी नव्हती, कणकेचा डबा नव्हता. ताई उंचवट्यावर धावली. मग खालून, खाडीच्या बाजूने, धूर दिसला. आमचे आई-वडील खाडीच्या पात्रात बसले होते. सुरूखाली वारा होता, वाऱ्यात आर टिकत नाही, आणि रोडगे कोरड्या पात्रातच लावायचे असतात. म्हणून त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं. तिवरांच्या आडोशाला, कोरड्या दिसणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर, छान गोल आर केला होता, रोडगे राखेखाली गेले होते, आणि बाबा काठीने राख सारखी करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कारंजा सोडल्यापासून पहिल्यांदा समाधान दिसत होतं.

"बाबा! वर या! पानी येऊन राह्यलं!"

बाबांनी मान वर केली आणि पाहिलं, डोंगराच्या बाजूला. वरच्या अंगाला. आमच्याकडे पाणी येतं ते वरूनच येतं. वर कुठे ढग दिसला, कुठे पाऊस पडल्याचं कळलं, की पात्रातून बाहेर निघायचं. डोंगरावर आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. "कुठी पडला पाऊस? आभाय त साफ हाये," ते म्हणाले. आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून, समुद्राकडून, पाणी खाडीत शिरत होतं. आवाज नाही, फेस नाही. दांडातून पाणी वाफ्यात शिरावं तसं गुपचूप, पण उलटं. चढाकडे. बाबांच्या टाचांना ते लागलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. पाणी आराच्या कडेला पोचून चर्र झालं.

माय ओरडली, "माहे रोडगे!" आणि हाताने राख उकरू लागली. बाबांनी काय करावं? त्यांनी पायाने वाळू लोटून पाण्यासमोर बांध घातला. खरंच घातला. एक टाच, दुसरी टाच, सवयीने. पाणी त्या बांधावरून असं गेलं की बांध होता हेही कळलं नाही. मग त्यांनी उपरण्यात हाताला लागले तेवढे रोडगे बांधले, मायला वर काठाकडे ढकललं, आणि स्वतः वळले ते गावाकडच्या काठाकडे. त्यांना वाटलं असणार, घोट्याएवढंच तर पाणी आहे, आत्ता पार झालो तर झालो, नाहीतर बायका-पोरी इकडे अडकून पडतील, जाऊन कोणाला तरी बोलवून आणावं. बांबूंच्या ओळीकडे त्यांनी घाईत पाहिलंच नाही, आणि वाळू कुठे घट्ट, चिखल कुठे, ते पाण्याखाली कळत नव्हतं. चार पावलं गेले आणि गुडघ्याएवढे आत रुतले. पाय काढायला गेले तर दुसरा पाय मांडीपर्यंत गेला.

मी किंचाळले असेन. ताई किंचाळली नाही. ती काठावरून खाली उतरली, पाण्यात, बांबूजवळ ठाम उभी राहिली आणि असा आवाज काढला की तिवरांतले बगळे उडाले. "बाबा! पुढं पाऊल टाकू नोका! मांगं फिरा! आत्ताच्या आत्ता!"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मायने नाही, आजोबांनी नाही, अडत्याने नाही. आणि ती थांबलीही नाही. "उभे राहू नोका, रुतून जासान. मांगं पाठीवर पडा. पडा म्हनते ना! आता पाय वढा, हळू, झटका देऊ नोका. काठी माह्याकडे करा." आणि माझे बाबा, ज्यांच्या टाचेवर पाणी फिरायचं, ते पाण्यात पाठीवर आडवे झाले, मुलीने सांगितलं तसे पाय ओढले, मुलीने सांगितलं तशी काठी पुढे केली. ताईने काठीचं टोक धरून त्यांना बांबूच्या घट्ट वाळूवर ओढून घेतलं. रोडग्यांचं उपरणं त्यांनी एका हाताने डोक्यावर धरून ठेवलं होतं. ते सुटलं नाही.

आम्ही उंचवट्यावर येऊन बसलो आणि खाली आमचा आर विझला, राख तरंगली, आणि उरलेले रोडगे एकेक करून वर आले. ते बुडतील असं मला वाटलं होतं. काही बुडाले, काही तिवरांच्या मुळ्यांत तरंगत गेले. माय ते बघत होती. ती रडेल म्हणून मी तिच्याजवळ सरकले. पण तिने हात जोडले. "घेतलं गं माय," ती म्हणाली. "आमी ठेवाच्या आदी त्यानं स्वतः येऊन घेतलं. आमच्या नदीनं कधी असं केलं नाई." नवस फिटला याबद्दल तिच्या मनात शेवटपर्यंत शंका नव्हती. मायच्या या श्रद्धेची मी पुढे पुष्कळ चेष्टा केली, पण तिथे त्या क्षणी मीही हात जोडले होते.

परत जायला संध्याकाळ होणार होती. ताईने स्वच्छ सांगितलं. पाणी पुरतं चढेल, मग उतरेल, बांबू दिसतील, तेव्हाच निघायचं. त्या आधी कोणीही जागचं हलायचं नाही. पलीकडच्या काठावर एक म्हातारी दिसली, तिला ताईने हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बाबांच्या धोतराला मांडीपर्यंत काळा चिखल, आणि ते वाळूवर मांडी घालून बसले, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. ऊन डोक्यावर आलं. समुद्र दोन्ही बाजूंनी चमकत होता. पिण्याच्या पाण्याची कळशी खाली पात्रातच राहिली होती, ती कधीच वाहून गेली होती. कोरडे रोडगे हातात, आणि घशाखाली घास जाईना.

तेव्हा बाबा उठले. वाळूच्या उंचवट्याच्या मागच्या उताराला, भरतीच्या रेघेपासून दूर, लव्हाळ्याचा एक हिरवा पट्टा होता. त्याच्याशी जाऊन ते बसले आणि एक करवंटी घेऊन खणू लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की पात्रात असाच खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. खालून पाणी झिरपून वर येतं, ते वाटीने भरून घ्यायचं.

ताई जवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, चारी बाजूनं खारं पानी हाये. इथी खारंच लागन."

बाबा खणत होते. "हिरवं हाये ना इथं. खाऱ्यावर हे गवत असं हसत नाई. पावसाचं पानी रेतीत थांबलं असन." हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा तळाशी वाळू काळी झाली, मग चमकली, मग तिथे ओंजळभर पाणी साचलं. गढूळ पाणी त्यांनी दोनदा उपसून टाकलं, तिसऱ्यांदा नितळ आलं. ते त्यांनी करवंटीत घेतलं. मला वाटलं ते स्वतः चाखतील. नेहमी सगळं तेच आधी चाखत, वांगं असो की विहीर. त्यांनी करवंटी ताईपुढे धरली.

"तू पाह्य. इथलं तुले कयते."

ताईने घोट घेतला. तिचे डोळे भरून आले. मग ती हसली, लहानपणी हसायची तशी, सगळे दात दाखवून. "गोड हाये, बाबा."

आम्ही ते पाणी प्यायलो आणि रोडगे खाल्ले. तूप नाही, वरण नाही, भाजी नाही, आणि दाताखाली वाळू. पुढे आयुष्यात मोठमोठ्या लग्नांच्या पंगती जेवले, परदेशात मुलाकडे जाऊन काय काय खाल्लं, पण असं जेवण परत झालं नाही. दुपारभर बाबा ताईला प्रश्न विचारत होते. भरती कशाने येते, रोज वेळ का बदलते, अष्टमीला किती आणि अमावास्येला किती. ती वाळूत चंद्र-सूर्य काढून त्यांना समजावत होती आणि ते मान डोलावत होते. शाळेतल्या पोरी कशा आणल्या तेही तिने सांगितलं. बाबा ऐकून म्हणाले, "एकेकीच्या घरी गेल्ती तू?" ती हो म्हणाली. स्थळाची गोष्ट त्यांनी काढली नाही, तिनेही नाही. माय सुरूच्या बुंध्याला टेकून गाढ झोपली होती, नवस फिटलेल्या बाईची झोप.

ऊन कललं तशी बांबूंची टोकं वर आली, मग कमरेएवढे बांबू, मग ओली वाळू. ताई पुढे, मग माय, मग मी, शेवटी बाबा. बाबांनी एकदाही ओळ सोडली नाही. पलीकडच्या काठावर सकाळची ती म्हातारी टोपली घेऊन थांबलीच होती, आमचं काही कमीजास्त झालं की काय हे बघायला. बाबांचं चिखलाचं धोतर बघून तिला हसू आवरेना. "रुतलेव काय ओ? बाईंचं न ऐकता चाललेत आसाल. आमचं लहान पोरगंबी बाईंचं ऐकतंय. तुमी कोन त्यांचे?"

मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा त्यांना खपायची नाही. पण ते थांबले, चिखलाच्या धोतराने जेवढं ताठ उभं राहता येतं तेवढं ताठ उभे राहिले, आणि तिच्याच बोलीतला तो शब्द जपून घेऊन म्हणाले, "मी बाईंचा बाप."

आज ताई निवृत्त होऊन कारंज्यात माझ्या घराजवळच राहते. तिने हे पान वाचलं आणि दोन चुका काढल्या. एक, ती इतकी ओरडली नव्हती. दोन, बगळे उडाले नव्हते. मी दोन्ही तशाच ठेवल्या आहेत. बाबांचा आवाज गेला त्या दिवसापर्यंत त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि त्यात बगळे दरवेळी उडाले.

आम्ही तिघेच परत आलो. कारंज्याच्या स्टॅंडवर मामा आलेला होता, स्वच्छ टोपी घालून, कारण कामरगावच्या मंडळींना त्याने शब्द दिला होता. गाडीतून बाबा उतरले, माय उतरली, रिकामी पोतडी घेऊन मी उतरले. मामा दाराशी वाकून आत बघत राहिला. "भाऊजी, सुमन कुठी हाये?"

"शाळेत."

"म्हंजे? तुमी तिले सांगतलं नाई काय, नोकरी सोड म्हनून?"

बाबांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. त्या उपरण्याला अजून राखेचे डाग होते. स्टॅंडवरची चार ओळखीची माणसं वळून बघत होती, आणि बाबा मुद्दामच, इंजिन चालू असल्यासारखे मोठ्याने बोलले.

"मी कायले सांगू? तिनं मले सांगतलं. अन् म्या ऐकलं."